पेरूची मिरची आन आमची माय

...आन वरून मलाच विचारायचा, "काय बद्रीभाऊ, फूल टिकलं का?" आता तुम्हीच सांगा, हे काय विचारणं झालं? त्याच्या गच्चीत आन माझ्या गच्चीत कंबरेएवढी भिंत, तिकडून त्याला माझी सगळी डबडी दिसतात, झाडाखाली पडलेला जांभळ्या फुलांचा सडा बी दिसतो, फूल टिकलं असतं तर ते दिसलं नसतं का? तरी विचारायचं. तेबी हातात त्याची ती पिवळीधम्मक मिरची धरून, देठाला धरून अशी हलवत, जशी काय आरतीची घंटी. आन त्याच्या बाजूला खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन, चहा पीत बसलेली बाई कोण? माझी माय. माझी सख्खी माय, त्याच्या गच्चीत, त्याच्या कपात चहा. मी जळत नाय बरं का. मी आपलं तुम्हाला सांगतो.

तर हा काकासाहेब. सिडकोत एन-नऊला माझ्या भिंतीला भिंत लावून त्याचं घर. बँकेत होता, आता रिटायर. बायको वारली, एकच लेक, ती पुण्याला, जावई जहाजावर नोकरीला. माणूस तसा वाईट नाय. वाईट असता तर बरं झालं असतं, नाय का? वाईट माणसाचा राग करायला सोपं जातं. हा दिवाळीला डबा भरून चिवडा आणून देतो, माझी गाडी चालू झाली नाय तर मागून ढकलतो, आन कधी आवाज चढवून बोलत नाय. अशा माणसाचं काय करावं?

पण माझं दुखणं ऐका. ह्याचं खानदान गुलमंडीवरचं, कापडाचं दुकान. सात पिढ्यांत कुणी खुरपं धरलं नाय. आन मी? आमचं गाव गंगापूरच्या अलीकडं, कापूस, ऊस, आन विहिरीकडच्या तुकड्यात दरसाल मिरची. मिरचीच्या सरीत रांगत रांगत मी मोठा झालो. आता वाळूजला कंपनीत औषधाच्या बाटल्यांवर लेबलं नीट बसली का ते बघतो, ते सोडा, पण रक्त तर शेतकऱ्याचं हाय ना? मग मिरची कुणाच्या गच्चीत पिकायला पाहिजे? न्यायानं सांगा.

झालं काय, त्याच्या जावयाचं जहाज एकदा पेरूला लागलं. पेरू म्हणजे देश, बरं का. मला बी आधी तेच कळेना. काकासाहेब भिंतीवरून म्हणला, "बद्रीभाऊ, पेरूची मिरची लावली आहे." मी म्हणलं, पेरूला मिरची लावून आम्ही शाळेत असल्यापासून खातो, त्यात नवीन काय? तो हसला. बँकेत आपली सही चुकल्यावर साहेब हसतो ना, तसा. म्हणला, "अहो, दक्षिण अमेरिकेतला देश तो. तिकडच्या डोंगरातली मिरची. अजी अमारिलो." मी म्हणलं, अजी? "अजी म्हणजे तिकडं मिरचीच." आता आपल्याकडं अजी म्हणजे काय, तर हिंदी पिच्चरमधली बाई नवऱ्याला हाक मारते ते. हा माणूस रोज सकाळी उठून गच्चीत "अजी, अजी" करत फिरायचा, मला वाटलं, बायको गेल्यापासून ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण झाडं आली हो. तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, फळवाल्याकडनं आणलेले थर्माकोलचे खोके, आन जुन्या कूलरची खालची टाकी. बुडाला भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे, वर माती, शेणखत, नारळाचा भुस्सा, वरून हिरवी जाळी. आन त्या डबड्यांत ही माझ्या छातीएवढी झाडं. मिरच्या आधी हिरव्या, मग आंब्याच्या फोडीसारख्या पिवळ्या, मग केशरी. बोटाएवढ्या लांब, झुंबरासारख्या लोंबू राहिलेल्या. बँकवाल्याच्या गच्चीत. मी रोज कपडे वाळत घालायच्या निमित्तानं वर जायचो. चतुरा, म्हणजे आमची मंडळी, ती म्हणली, "लग्नापासून कधी रुमाल वाळत घातला नाय, आता काहून एवढी हौस आली?" मी म्हणलं, तुला मदत. ती गालातल्या गालात हसली. नाव चतुरा हाय तिचं.

इथपर्यंत ठीक होतं. मिरचीवर जळणारा मी माणूस नाय. पुढचं ऐका.

दसऱ्याच्या आसपास आमचे दादा गेले. दादा म्हणजे माझे वडील. वावर चुलतभावाला बटाईनं दिलं, घराला कुलूप लावलं आन मायला इकडं घेऊन आलो. आमची माय, आवडाबाई नाव, गावाकडं दिवसभर तोंड चालू. बैलाशी बोलायची, कोंबडीशी बोलायची, येणाऱ्याजाणाऱ्याला ओट्यावरून हाळी मारायची, आन दादांशी तर भांडण सकाळी सुरू व्हायचं ते जेवणापर्यंत. ती बाई इथं आली आन गप. टीव्ही लावून दिला तर चालू टीव्हीकडं बघायची, बंद केला तर बंद टीव्हीकडं बघायची. "माय, जेवतीस का?" "व्हय." "भाजी काय करायची?" "कायबी." "गावाकडं जाऊन यायचं का?" "नाय." बस. मी काय केलं नाय सांगा? खुलताबादला भद्रा मारुतीला नेलं. मॉलमध्ये नेऊन सरकत्या जिन्यावर उभं केलं, ती वर गेली, खाली आली, म्हणली, "चला आता घरी." कंपनीतनं सुट्टी काढून दोन दिवस तिच्याजवळ नुसता बसून राहिलो. दादांचं नाव काढलं की ती उठून मोरीत जायची, पाय धुवायची. पाय कोरडे व्हायच्या आत परत कुणी नाव काढलं तर परत धुवायची. मी नाव काढणंच सोडलं.

एका रविवारी चतुरानं तिला उन्हाला म्हणून गच्चीत बसवलं. मी बी होतो, चहा घेऊन. तर भिंतीवरून काकासाहेब म्हणतो, "मावशी, ही मिरची जरा चाखून सांगता का? मला तिखटातलं काही कळत नाही." मी म्हणलं, आता ही म्हणणार 'नाय', आन विषय संपणार. मायनं हात पुढं केला. मिरची घेतली, लुगड्याला पुसली, टोकाकडनं चावा घेतला आन चावत राहिली. डोळ्यात पाणी आलं. मी उठलो, पाणी आणावं म्हणून. तेवढ्यात माय बोलली. अख्खं वाक्य बोलली. म्हणली, "लबाड हाय ही. वास आंब्यावानी, जिभेला बी आधी गोड, आन आपण भुललो का मग कानाखाली ठेवून देती. आमच्या ह्यांच्यावानी." आन हसली. दात दाखवून हसली, पदर तोंडाला लावला तरी हसणं थांबंना.

मी तिथंच उभा, चहा गार झाला. आनंद झाला का? झाला. कुणाला नाय होणार? पण तुम्ही जरा माझ्या जागी उभं राहून बघा. जे बोलणं मी दोन महिने तोंडात बोट घालून काढायला बघत होतो, ते ह्या माणसानं एका मिरचीवर काढलं. दादांबद्दल ती बोलली, आन कुणाला बोलली? मी पोटचा पोरगा इथं उभा असताना भिंतीपलीकडच्या बँकवाल्याला. मी जळत नाय बरं का. पण दिसतं की नाय माणसाला?

त्या दिवसापासनं मायचा मुक्काम तिकडं. माझ्या घरात तिला देवघरापर्यंत चालायला गुडघे दुखायचे, पण आमचा जिना उतरून, फाटकातनं बाहेर पडून, त्याचा जिना चढून जायला दुखत नव्हते. ते गुडघे बी काकासाहेबाकडचे. सकाळी भाकर खाल्ली की निघाली. तिथं डबड्यातलं गवत काढायचं, पिवळं पान खुडायचं, मिरच्या तोडायच्या, आन तोंड चालू. भिंतीवरनं मला सगळं ऐकू यायचं. दादांनी पाचोडच्या बाजारात बैल घेताना कसं फसवून घेतलं, लग्नात दादांचा फेटा कसा सुटला, ह्या गोष्टी मला माहीत नव्हत्या हो. मी तिचा मुलगा, मला माहीत नव्हत्या. त्या मी भिंतीच्या अलीकडं खाली बसून, वाळत घातलेल्या चादरीच्या मागं, चोरासारख्या ऐकल्या.

आन घरी आल्यावर काय? "काकासाहेब म्हणत व्हते, कडुनिंबाचं पाणी फवारलं का मावा जातो." "काकासाहेबानं आज बटाट्याची साल टाकली डब्यात." अगं माय, बटाट्याची साल आपल्या गावात गाय बी खाते, त्यात काकासाहेबाचं काय कर्तृत्व? पण नाय. मग चतुरानं त्या मिरच्यांचा ठेचा केला, लसूण, शेंगदाणे, मीठ घालून, तव्यावर तांब्यानं रगडून. माझ्या घरात, माझ्या तव्यावर, शेजाऱ्याची मिरची. माय म्हणली, "अशी चव आपल्या वावरातल्या मिरचीला बी नव्हती." ऐकलं? मी ताट बाजूला सारलं. चतुरा म्हणली, "तुम्हाला मिरची लागली." मी म्हणलं, मी खाल्ली बी नाय. ती म्हणली, "म्हणूनच म्हणते."

तिथं मी ठरवलं. आपण बी लावायची. आन त्याच्याकडनं बियाणं मागायचं नाय. तो तर रोज द्यायला तयार, "एक रोप देऊ का बद्रीभाऊ?" दान करतो. मी मोबाइलवर शोधलं, आन मला एक मिरची घावली, रोकोटो. तीबी त्याच डोंगरातली, पेरू-बोलिव्हियाकडची, पण ही गोल, गुबगुबीत, टोमॅटोएवढी, आतलं बी काळं, फूल जांभळं, पानावर मऊ लव. फोटो बघूनच मी म्हणलं, बास. त्याची अजी तर माझा आजोबा. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, हिला थंड हवा लागते म्हणून. बारीक अक्षरं कोण वाचतं? तुम्ही वाचता?

मागवलेलं पहिलं बी आलं, ते मी ओल्या फडक्यात बांधून फ्रिजच्या मागं उबेला ठेवलं. चतुरानं पपईच्या बिया समजून फेकून दिलं. परत मागवलं. ह्या वेळी डब्यावर चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. उगवलं. गावाकडनं पोतंभर शेणखत आणलं, एसटीत, कंडक्टर माझ्याकडं आन पोत्याकडं आळीपाळीनं बघत होता. डबे भरले. रोपं लावली. आन वरून थोडा युरिया बी टाकला. थोडा म्हणजे... आपल्याला अंदाज वावराचा, डब्याचा नाय. झाड काय फोफावलं म्हणता! पानंच पानं, पानंच पानं, गच्चीत जंगल. मी मायला हाताला धरून वर आणलं, म्हणलं, बघ. तिनं पानावरनं हात फिरवला. म्हणली, "ह्याला तर केसं हायेत." मी म्हणलं, तिकडं थंडी असते, त्याच्यासाठी. तिनं सगळ्या झाडाभोवती एक फेरी मारली, मिरची शोधली, नाय सापडली. मग माझ्याकडं बघून, पोराला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणली, "भाजी करतेत का ह्या पाल्याची?"

मग होळीच्या सुमाराला फुलं आली, जांभळी. मी परत मायला आणलं. म्हणली, "वांगं लावलंस व्हय रे?" आन फुलं गळायला लागली. सकाळी उमलायची, संध्याकाळी खाली. काकासाहेब भिंतीवर कोपर टेकून म्हणायचा, "बद्रीभाऊ, रोकोटो थंडीतली असते. आपल्याकडच्या उन्हात ती फळ धरायची नाही." त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर डोकं जास्त तापलं. माणूस खोटं बोलला तर आपण दोन शब्द सुनावू शकतो.

मी काय केलं सांगू? कूलर वर नेला. हसू नका. आमच्या झोपायच्या खोलीतला कूलर, वाळा भरलेला, दोरानं बांधून जिन्यातनं गच्चीत नेला आन रोकोटोसमोर लावला. पारा चाळिशीच्या वर गेलेला, दुपारी गच्चीत चप्पल घालून सुद्धा पाय भाजायचे, आन मिरची कूलरच्या हवेत डुलू राहिली. खाली चतुरा ओल्या फडक्यानं मान पुसत म्हणते, "अहो, माणसं इथं शिजू राहिली आन मिरची वर महाबळेश्वरला." माय म्हणली, "ह्यांनी बैलाला बी इतकं नव्हतं जपलं." त्यात कूलरला पाणी किती लागतं तुम्हाला ठाऊक हाय, आन आपल्याकडं नळ आठवड्यानं येतो तेबी ठाऊक हाय. घरात भांडणं झाली. मी म्हणलं, होऊ द्या.

आन धरलं हो. एक फळ धरलं. हरभऱ्याएवढं, मग बोराएवढं, मग लिंबाएवढं. एकच. ज्या दिवशी मी खाली येऊन सांगितलं त्या दिवशी माय स्वतः म्हणली, "चल, दाखव मला." तिनं ते फळ तळहातावर अलगद तोललं आन म्हणली, "धरलं रे बद्री." एवढंच. पण मी त्या दिवशी कंपनीत उगाच सगळ्यांना चहा पाजला.

मग मे महिना. काकासाहेबाच्या लेकीचे दिवस भरत आलेले, जावई समुद्रात, तर काकासाहेब पुण्याला निघाला. गच्चीची किल्ली दिली. कुणाला? मायला. मी समोर उभा असताना मायच्या हातात दिली. म्हणला, "मावशी, तुमच्यावर सोपवून जातो." आन तो गेला आन चार दिवसांत मायचा गुडघा सुजला, पार नारळासारखा. जिना उतरायचं नाव नाय. पलंगावर बसून ती माझ्याकडं बघते, किल्ली पुढं करते. "तू घाल रे पाणी."

म्हणजे बघा आता. ज्या माणसाच्या मिरचीमुळं माझी झोप गेली, त्याच्या मिरचीला मी पाणी घालायचं. मी भिंत ओलांडून गेलो. त्या झाडांमध्ये एकटा उभा राहिलो. कुणी बघायला नाय. मनात आलं का? आलं. मी काय देव हाय का? एक दोन दिवस तांब्या कोरडाच फिरवला तर काय, उन्हाचं नाव पुढं करता येतं. तेवढ्यात खालून खिडकीतनं मायचा आवाज. तिला एकेक डबा पाठ. "कोपऱ्यातला तेलाचा डबा लवकर सुकतो, त्याला जादा घाल. बादलीतल्या दोघींना बेतानं. आन मालकाला घातलं का?"

मी म्हणलं, कोण मालक? "टाकीतलं मोठं झाड नाय का," ती म्हणली, "त्याला विचारल्याबिगर नको येऊ."

आमची माय दादांना मालक म्हणायची. चारचौघांत हे, आन घरात मालक. मी त्या कूलरच्या टाकीतल्या झाडाकडं बघितलं. जाड खोड, वर थोडं वाकलेलं, मिरच्यांनी लगडलेलं, आन त्याच्या समोर मायची ती प्लॅस्टिकची खुर्ची, जशी ती रोज बसून जायची तशीच, झाडाकडं तोंड करून. काकासाहेबाच्या खुर्चीकडं तोंड नव्हतं हो. झाडाकडं होतं. मी किती दिवस भिंतीमागं बसून ऐकलं की ती काकासाहेबाला गोष्टी सांगू राहिली. तो बिचारा आपला मधे बसून हूं-हूं करत असणार.

मी पाणी घातलं. काय करणार?

आन मग त्या आठवड्यात नळ आलाच नाय. कुठंतरी पाईप फुटला म्हणे. आमच्या घरांची सगळी लाइन टँकरवाल्याच्या मागं. मी फोन केला तर तो म्हणतो, "आज नक्को भाई, कल देखेंगे." कल बी तेच. वरच्या टाकीचा नळ खरखरला आन बंद झाला. प्यायचं पाणी बाजूला काढल्यावर घरात उरली एक बादली. चतुरानं ती माझ्यासमोर ठेवली, म्हणली, "ह्याच्यात काय करायचं ते करा, उद्याची आंघोळ विसरा." ऊन कलल्यावर मी ती घेऊन वर गेलो. अलीकडं माझी रोकोटो, माना टाकलेली, कूलर कोरडा ठक्क, आन ते एक फळ, त्याच्या एका बाजूला लाली चढायला लागलेली. भिंतीपलीकडं मालक. पानं चिंधीसारखी लोंबलेली. डबे असे तापलेले की हात लावला तर चटका. अर्धं-अर्धं घालू म्हणलं, तर अर्ध्यानं दोन्ही मेली असती. मी शेतकऱ्याचा पोरगा हाय, तेवढं कळतं. बादली घेऊन मी त्या भिंतीपाशी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग भिंत ओलांडली. सगळी बादली टाकीत ओतली, हळूहळू, बुडाशी. शेवटचं तळातलं कोपऱ्यातल्या डब्याला. आन माझ्या रोकोटोवरची जाळी सोडून मालकावर दुहेरी बांधली.

खाली आल्यावर मायनं विचारलं, "मालकाला घातलं?" म्हणलं, घातलं. "आन तुझ्याला?" म्हणलं, माझ्याला बी घातलं.

टँकर आला, पलीकडची बाकीची डबडी कशीबशी तगली, पण रोकोटो गेली होती. ते फळ मनुक्यासारखं आक्रसलं. पुढं मायचा गुडघा उतरला, ती कठड्याला धरून वर आली. आधी पलीकडं बघितलं, मालक हिरवागार. मग माझ्या डब्यापाशी आली, मातीत बोट खुपसलं, कोरडी माती बोटावरनं झटकली. त्या रात्री जेवताना तिनं माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली आन वर तूप वाढलं, लहानपणी वाढायची तसं, आन दादा मिरचीच्या रोपाला पाणी द्यायला कंदील घेऊन कसे जायचे ते सांगत बसली. मला सांगत बसली. चतुरा उठून भांडी घासायला गेली, पण आवाज न करता घासत होती. आन दुसऱ्या दिवशी लाइनीतल्या घराघरात खबर, "काकासाहेबाची मिरची माझ्या बद्रीनं जगवली." माझी मिरची कशानं मेली ते कुणी विचारलं नाय, मी बी सांगितलं नाय.

बरं, शेवट ऐका. काकासाहेबाला नातू झाला. लेक म्हणली, बाबा, तुम्ही एकटे तिकडं कशाला, इथंच राहा. तो सामान न्यायला आला. गच्चीत उभा राहून मालकाकडं बघितलं आन माझा हात हातात घेतला. मग सगळे डबे, बादल्या, खोके आम्ही दोघांनी मिळून भिंतीवरनं माझ्याकडं घेतले. टाकी उचलताना तर आमची लाइनच्या लाइन जमली. तो गेला. त्याच्या घराला कुलूप. मी त्या संध्याकाळी माझ्या गच्चीत उभा. सगळी अजी माझ्या गच्चीत, माय माझ्या गच्चीत, मायचा चहा माझ्या कपात. मी म्हणलं, बद्रीनाथ, संपलं. आता जळायला... म्हणजे, मी जळत नव्हतोच, पण समजा जळायचं म्हणलं तरी आता कुणावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी माय भाकर खाऊन वर आली, खुर्चीत बसली, पदर नीट केला आन म्हणली, "फोन लाव."

मी म्हणलं, कुणाला?

"काकासाहेबाला. तो तोंड दिसणारा फोन लाव. त्यांना झाडं बघायची असतील."

तेव्हापासनं रोज. कंपनीची गाडी चौकात हॉर्न वाजवते आन मी गच्चीत वाकून मोबाइल एकेका डब्यासमोर धरू राहिलोय. माय सांगती, "खाली धर, बुडखा दिसू दे. आता वरचं फळ. हात हलवू नको रे, त्यांना नीट दिसत नाय." तिकडनं काकासाहेब नातवाला मांडीवर घेऊन म्हणतो, "मावशी, बद्रीभाऊंना म्हणावं जरा डावीकडं." मी डावीकडं घेतो. दोघांचं बोलणं चालू असतं, मिरचीवरनं दादांवर, दादांवरनं नातवावर. मी त्या फोनमध्ये दिसतच नाय, फक्त अंगठा दिसतो, आन परवा मायनं तोबी बाजूला घ्यायला सांगितला.